कॅसेटचं शेपूट

जनार्दन ठोंबरे आमच्या घरात उलटे चालत येतात. फाटकापासून पायरीपर्यंत ते तुमच्याआमच्यासारखे सरळ येतात, पण उंबऱ्याशी आले की गर्रकन वळतात आणि तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे, अशी तीन-चार पावलं मागे सरकत हॉलमध्ये दाखल होतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसाने एकदा त्यांना दोन्ही खांदे धरून खुर्चीत बसवलं होतं आणि विचारलं होतं, "काका, चक्कर आली का?"

ईशान, रेवा, तुम्ही फोनवर हसत हसत विचारता, "आजी, ते बॅकवर्ड अंकल अजून येतात का?" येतात. या वेळी त्यांच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलं आहे, कारण गेल्या महिन्यात त्यांच्या बाबतीत एक गोष्ट घडली आणि तिच्यात माझा हात नको तितका होता.

जनूभाऊंनी तीस वर्षं कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. नवरदेव पुढे येतो तेव्हा शूटिंगवाल्याला मागे जावं लागतं. खांद्यावर सात किलोचा कॅमेरा, डोक्यामागे डोळे नाहीत, पायाखाली मांडवाच्या दोऱ्या. असं तीस वर्षं चाललेला माणूस निवृत्त झाला तरी पाय निवृत्त होत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, मानूस दारातून आत येताना त्याचं तोंड बगायचं असतं. पाठ काय, सगळ्यांची सारकीच." पण आत येणारे तुम्हीच आहात, तुमचं तोंड कोण बघतंय, हे मी विचारलं नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून अख्खं गाव मला बाई म्हणतं. जनूभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मूळचे खालापूरकडच्या एका शेतकरी घरातले. आता आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहतात.

मे महिन्यात अनघा नावाची एक मुलगी त्यांचं घर शोधत आली. ती मुंबईत सिनेमाचं शिक्षण घेते. मोहोपाड्याच्या कॉलनीत मावशीकडे आली असताना तिने मावशीच्या लग्नाची जुनी कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला घेतली आणि लग्न संपल्यावर यंत्र बंद करायला विसरली. अर्धा मिनिट नुसता काळोख गेला. मग पडद्यावर एक माणूस पाठीवर दरवाजा घेऊन डोंगराचा चढ चढताना दिसला. दमला की तो दरवाजा वाटेत उभा करी, कडी काढी, दार उघडून पलीकडे जाई, मागे वळून दार नीट लावून घेई आणि पुन्हा पाठीवर टाकून चालू लागे. असं चार वेळा. मग काळोख.

अनघाने त्या रात्री मावशीला झोपू दिलं नाही.

"हा सररिअलिझम आहे, काका," ती जनूभाऊंना माझ्यासमोर म्हणाली. "स्वप्नातलं तर्कशास्त्र."

"सपान कसलं, ताई? तो आमचा सुतार. खोपोलीत टेंपो मिळाला नाय, निगाला दरवाजा पाठीवर घेऊन. जे झालं ते घेतलं."

"पण तो दार उघडून पलीकडे जातो, ते?"

"मग बंद दारातून जाईल का?"

जे झालं ते घेतलं. जनूभाऊंचं हे पालुपद. त्यांनी उभ्या आयुष्यात काही कल्पनेतून निर्माण केलं हा आरोप ते मुळीच मान्य करत नाहीत. त्यांच्या दुसऱ्या एका फिल्ममध्ये चार बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून भाताच्या रोपांऐवजी स्टीलचे चमचे लावतात, ओळीत, एका लयीत, वाकून. खुलासा असा की केटररचे चमचे खरकट्याबरोबर शेतात गेले होते आणि बायका ते वेचत होत्या. "मी फकस्त म्हटलं, वेचू नका, लावा. एवडाच काय तो माजा हात."

अशा सात फिल्म त्यांनी तरुणपणी केल्या आणि सातही लग्नाच्या कॅसेटींच्या शेपटाला लावल्या. कॅमेरा स्टुडिओच्या मालकाचा, कोरी कॅसेट मालक मोजून देणार. लग्न अडीच-पावणेतीन तासांत आटोपायचं, तीन तासांच्या कॅसेटचं शेपूट उरायचं. त्या शेपटावर जनूभाऊ आपली फिल्म घेत आणि तीच मूळ कॅसेट दुसऱ्या दिवशी लग्नघरी पोचवत. दुसरी प्रत काढलीच नाही.

"म्हणजे तुमच्याकडे एकही नाही?" अनघा ओरडली.

"मला कशाला? मी बगितलंय की. त्यांनी बगावं. लग्नाची कॅसेट शेवटपर्यंत बगनारा एक तरी मानूस असंल, असं वाटायचं."

नव्हता. इतक्या वर्षांत एकाच घरातून तक्रार आली होती. साजगावच्या एका आजोबांनी लग्न संपल्यावरही टीव्ही चालू ठेवला आणि त्यांना दिसलं की नदीकाठी एक न्हावी फणसाची दाढी करतो आहे, आणि मधून मधून फणसापुढे आरसा धरतो आहे. आजोबांनी ती करणी ठरवली, कॅसेट लाल फडक्यात लिंबाबरोबर बांधून माळ्यावर टाकली. अनघाने ती सोडवली तेव्हा सातांतली बुरशी न लागलेली तेवढी एकच निघाली. लिंबाचा गुण असेल.

वाचनालयाच्या हॉलमध्ये सातही फिल्म दाखवायचं ठरलं. आता कॅसेटी शोधायच्या. जनूभाऊंना लग्नं नावांनी आठवत नाहीत, पंगतीवरून आठवतात. जिलबीचं लग्न, मठ्ठा सांडलेलं लग्न, वांग्याची भाजी कमी पडलेलं लग्न. दिवाळीपर्यंत दोघांनी मिळून सहा सोडवल्या. सातवी होती अळूच्या फदफद्याचं लग्न.

"कुणाचं ते?" अनघाने विचारलं.

जनूभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईंच्या मीनलचं."

तुमच्या आईचं. ते सगळ्यात शेवटी का विचारायला आले, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर चार दिवसांनी मी त्यांना घरी बोलावून सांगितलं होतं की पाहुण्यांपैकी निम्म्यांचे चेहरे दिसत नाहीत, आणि शूटिंग म्हणजे लोकांच्या हातांचं, पायांचं आणि चपलांचं प्रदर्शन नव्हे. त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं केवळ हवापाण्याचं बोललो.

"शूटिंग बिगडवलं असंल," जनूभाऊ म्हणाले. "पन शेपटाला सातवी हाय. बगाल का, बाई, कुटं ठेवली?"

माझ्याकडे कुठलीही वस्तू कुठे ठेवली हे बघावं लागत नाही. कॅसेटींची नोंदवही आहे. संध्याकाळी मी ती उघडली. कॅसेट क्रमांक चौदा, मीनलचा विवाह, दोन तास एकेचाळीस मिनिटे, शिल्लक जागा एकोणीस मिनिटे. त्याखाली माझ्याच अक्षरात, हिरव्या शाईत: शिल्लक जागा वापरली. बोन्साय प्रात्यक्षिक, सतरा मिनिटे.

मी ती ओळ तीनदा वाचली. लग्न संपून काळोख आला, म्हणजे पुढची टेप कोरी, असं समजून मी त्यावर टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. वाया कशाला घालवायची? मग मनात आलं, नोंद केली याचा अर्थ रेकॉर्ड झालंच असेल असं नाही. त्या काळात आमचा व्हीसीआर दोनदा दगा देऊन बसला होता. माझ्या नोंदवहीवर मी आयुष्यात प्रथमच शंका घेतली, आणि ती नोंद खोटी ठरावी म्हणून देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगून टाकायचं ठरवलं. पण नऊ वाजता जनूभाऊ उलटे चालत आत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. असा माणूस समोर आल्यावर मला तोंड उघडवेना. माझा व्हीसीआर चालू स्थितीत आहे, कारण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो दहा मिनिटं चालवते. अनघाने कॅसेटची झडप उघडून विजेरीने आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काठाला बुरशी आहे. टेप जागोजागी चिकटली आहे. एकदाच चालेल, काका. तेवढ्यात लॅपटॉपमध्ये उतरवायची. दुसरी संधी नाही."

"मग सरळ शेपटाकडं पळव."

"पळवली तर फाटेल. साध्या वेगाने, सुरुवातीपासून, मध्ये न थांबता." मग तिने कॅसेटच्या काचेच्या खिडकीतून आत पाहिलं. "सुरुवातीलाच आहे. कुणी रिवाइंड करून ठेवली?"

"मी," मी म्हटलं. "मी नेहमीच ठेवते."

म्हणजे एकोणीस मिनिटांच्या शेपटासाठी तीन तासांचं लग्न बघणं आलं. त्यात वीज. दुरुस्तीसाठी शुक्रवारी वीज बंद असते म्हणून आम्ही गुरुवार निवडला होता, पण कर्जतची वीज वार पाहून जात नाही. अनघाने पंधरा मिनिटं चालणारी बॅटरीची पेटी आणली होती. तिने बटण दाबलं. टेप आत एकदा कुरकुरली आणि पडद्यावर सनईच्या सुरात तुमच्या आईची हळद लागायला सुरुवात झाली.

आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो. चित्रावर पांढऱ्या रेघा चढत, टेप शिट्टी वाजवल्यासारखी किंचाळे, अनघा गुडघ्यांवर बसून ट्रॅकिंगचं चाक केसभर फिरवी, रेघा उतरत. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, जणू आवाजाने टेप तुटेल. मी घड्याळ बघत होते. एक तास छत्तीस मिनिटं उरली. तेवढ्या वेळात मला सांगायचं होतं.

तेव्हाच एक दृश्य आलं. मंगलाष्टकं चालू आहेत, सगळे अक्षता टाकताहेत आणि कॅमेरा नवरानवरीला सोडून मांडवाच्या मागे गेला आहे. तिथे तुमचे आजोबा एकटे वाकून बुटाची नाडी बांधत आहेत. बांधतात, सोडतात. पुन्हा बांधतात. डोळे पुसायला कारण हवं म्हणून माणूस नाडीशी खेळतो, तसं. मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा स्टेजवर पाहुण्यांची मोजणी करत होते, आणि नंतर कॅसेट पाहिली तीही पाहुण्यांचे चेहरे मोजतच. तुमचे आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी ते आत्ता पाहिलं.

जनूभाऊ हळूच म्हणाले, "चेहरे ऱ्हायले तुमचे त्या वक्ताला. सॉरी, बाई."

आणि दिवे गेले.

पेटी टूं टूं करू लागली. पडदा चालू होता. "पंधरा मिनिटं," अनघा कुजबुजली. "त्यात वीज नाही आली तर टेप आत हेडवर चिकटेल." पंखा थांबला होता. जनूभाऊंच्या कपाळावर घाम आला, आणि ते घाबरले की बोलतात तसे बोलू लागले.

"सातवीत मी सोता हाय. म्हनून बटन आक्कानं दाबलं. मोठी बहीन माजी. आई गेली तवा मी पाच वर्साचा. तिनंच वाढवलं. मोहोपाड्याला कारखान्याच्या कँटीनमदी चपात्या लाटायची."

"आता कुठे असतात?" अनघाने विचारलं.

"गेली. आठ वर्सं झाली. मी जगाचं शूटिंग केलं, ताई. आक्का यका बी कॅसेटीत नाय. म्हनायची, माज्यावर टेप घालवू नको, गिऱ्हाइकाची हाय."

पेटीची टूं टूं जलद झाली. सात मिनिटं गेली होती.

"सातवीत काय आहे?"

"खळ्यात खुर्ची. मी नवरदेव होऊन बसलोय. फेटा, मुंडावळ्या, समदं. पाठ कॅमेऱ्याकडं. नवरीची वाट बगतोय. कॅसेट संपंपर्यंत बसायचं, एवडंच."

"आणि नवरी?"

"आली नाय."

"हेही जे झालं ते घेतलं?" अनघाने हसत विचारलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचं हसू गेलं. जनूभाऊंनी गुडघ्यावरची इस्त्रीची घडी दोन बोटांनी सारखी केली.

"जनूभाऊ," मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या कॅसेटवर मी—"

"आली!" अनघा ओरडली. पंखा फिरला, पेटी गप्प झाली. "आता कुणी बोलू नका, टेप ओढ खातेय."

सप्तपदी झाली. पंगत बसली, अळूचं फदफदं वाढलं गेलं. तुमची आई गाडीत बसली, गाडी निघाली, कॅमेरा गाडीमागे न जाता रस्त्यात पडलेल्या एका गजऱ्यावर थांबला. काळोख आला. जनूभाऊ खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. मी दोन्ही हात पदरात गुंडाळले.

पडद्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ प्रकट झाले. त्यांच्यापुढे एक वीतभर उंचीचं वडाचं झाड. गृहस्थांनी झाड उचललं, मुळं धुतली आणि एक अगदी छोटी कात्री घेऊन एक मूळ कापलं. आवाज नव्हता, बुरशीने खाल्ला असावा.

"ओह," अनघा म्हणाली. "काका! केवढं भयंकर आहे हे! एवढा मोठा वड आणि तो मुळं..." ती भराभर वहीत लिहू लागली. "घर आणि मुळं. बरोबर ना? पण खुर्ची कुठे आहे?"

गप्प राहिले असते तर निदान अनघाचं समाधान झालं असतं. मी जनूभाऊंकडे पाहिलं. ते त्या झाडाकडे एकटक बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ही त्यांची फिल्म नाही," मी म्हटलं. "हा बोन्सायचा कार्यक्रम आहे. तुमची फिल्म मी पुसली, जनूभाऊ. जागा कोरी आहे असं समजून. मला काल संध्याकाळीच कळलं होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं नाही."

अनघाचं पेन थांबलं. टेप चालू होती. टकलू गृहस्थांनी दुसरं मूळ कापलं. मी वाट बघत होते की ते उठतील, निघून जातील. मी त्यांच्या जागी असते तर गेले असते.

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "झाड चांगलं ऱ्हायलं का मग, बाई?"

"माझं? सहा महिन्यांत मेलं."

"मेलं," ते म्हणाले आणि मान हलवली.

अनघाने बंद करायला हात पुढे केला. "नको," जनूभाऊ म्हणाले. "शेवटपर्यंत बगू."

मग आम्ही तिघांनी सतरा मिनिटं बोन्साय कसं करावं ते पाहिलं. अर्धी मुळं गेली, झाड नव्या कुंडीत बसलं, गृहस्थांनी हात जोडले. पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्या तुटल्या, चित्र उडी मारून वाकडं उभं राहिलं आणि आवाज एकदम मोठा झाला.

खळं होतं. मधोमध खुर्ची. खुर्चीत फेटा घातलेला माणूस, पाठमोरा, ताठ. पडद्याचा एक कोपरा कुणाच्या तरी अंगठ्याने झाकला होता, आणि अंगठ्यामागून एका बाईचा आवाज अगदी जवळून आला.

"जनू! झाला का रं तुजा?"

खुर्चीतला माणूस हलला नाही.

"ह्यो तांबडा दिवा इझत नाय, कुटं दाबू? आरं हाल की. नाय येत रं कोनी. नाय आली तर नाय आली. तिचा बी नशीब खोटा." चित्र डोललं, भुईवर गेलं, पुन्हा वर आलं. "भात निवतोय. आनी ती खुर्ची घेऊन ये, मागल्या खेपंला इसरला व्हतास." थोडा वेळ वाऱ्याचा आवाज. मग पुष्कळ हळू: "कोन बगनार हाय रं ह्ये समदं? ... बरं, मी बगीन. मी बगीन शेवटपातूर. चल, जेवाया चल."

खट्ट. टेप संपली.

अनघाने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "उतरलं आहे," ती म्हणाली. "पूर्ण. एक मिनिट दहा सेकंद. काका, रविवारी वाचनालयात हेच शेवटी दाखवू? हेच सगळ्यात—"

"नको."

"पण काका, कुणी तरी शेवटपर्यंत बघावं म्हणून तर तुम्ही—"

"बाकीची सहा दाखव. हे घरचं हाय." मग त्यांनी विचारलं, "पुन्हा लागंल का? फकस्त आवाज?"

तिने लावला. पडदा तिने स्वतःकडे वळवून घेतला. जनूभाऊ डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तांबडा दिवा झाला, भात झाला, खुर्ची झाली, वारा झाला.

"चल, जेवाया चल," आवाज म्हणाला.

"आलो गं," जनूभाऊ म्हणाले आणि खरोखरच उठले. उठून एक पाऊल टाकलं, आणि आमच्या हॉलच्या मधोमध उभे राहिले. कुठे जायचं ते त्यांना कळेना.

"इकडे या, जनूभाऊ," मी म्हटलं. "पान वाढते."